गाण्यांतला ‘मी’

नवरात्राच्या दिवसांत ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून जाणाऱ्याला गाणें शोधावें लागत नाहीं. गाणेंच त्याला गांठतें. देवीच्या दर्शनासाठीं रांग लागलेली असते, वर दिव्यांच्या माळा असतात आणि ध्वनिक्षेपकांचा आवाज रस्ताभर घुमत असतो. हें गाणें सर्वांचें असतें. तें कोणीं रचलें, गाणाऱ्याच्या मनांत काय होतें, हें विचारण्याचें कोणाला कारण पडत नाहीं.

आतां त्याच नाक्याच्या आसपासच्या एखाद्या इमारतींत, दार लावून घेतलेल्या खोलींत, एक तरुण आपलें गाणें रचीत बसला आहे, अशी कल्पना करावी. समोर लॅपटॉप, मांडीवर गिटार, कानांवर हेडफोन आणि बाहेरचा गलबला आंत येऊं नये म्हणून उशांच्या आडोशाला ठेवलेला एक साधा मायक्रोफोन. हें गाणें सर्वांचें नाहीं. तें त्याचें एकट्याचें आहे. तो तरुण समलिंगी असेल, म्हणजे त्याच्या प्रेमाची ओढ स्त्रीकडे नसून पुरुषाकडे असेल, तर पहिलीच ओळ लिहितांना त्याच्यापुढें एक प्रश्न उभा राहतो. तो प्रश्न सुराचा नाहीं आणि तालाचाहि नाहीं; तो व्याकरणाचा आहे. प्रेमगीतांतला ‘मी’ कोण आणि ‘तूं’ कोण, हें सांगावें कीं झांकावें ? वरवर पाहतां हा प्रश्न लहान दिसतो. परंतु गेल्या पन्नास वर्षांतील कित्येक संगीतकारांचें आयुष्य त्याच्याभोंवतीं फिरलें आहे.

प्रथम ‘इंडी पॉप’ म्हणजे काय, हें पाहिलें पाहिजे. हा शब्द तरुणांच्या तोंडीं सहज ऐकूं येतो, पण घरांतल्या वडील मंडळींना त्याचा अर्थ क्वचितच कोणी समजावून सांगतो. ‘पॉप’ म्हणजे लोकप्रिय धाटणीचें, तीन-चार मिनिटांत संपणारें, ज्याचें ध्रुवपद मनांत घोळत राहील असें गीत. ‘इंडी’ हा ‘इंडिपेंडंट’ म्हणजे ‘स्वतंत्र’ या शब्दाचा तुकडा आहे. येथें एक गल्लत टाळावी. सन १९९० नंतरच्या दशकांत आपल्याकडे चित्रपटाबाहेरच्या हिंदी गाण्यांना ‘इंडीपॉप’ म्हणत. त्यांतला ‘इंडी’ म्हणजे ‘इंडियन’, आणि तीं गाणीं बहुधा कंपन्याच काढीत. येथें ज्याचा विचार करावयाचा तो ‘इंडी’ निराळा. तो मूळचा रागाचा किंवा तालाचा प्रकार नव्हे. तो व्यवहाराचा प्रकार आहे. गाण्याचा खर्च कोणीं करावयाचा आणि अखेरचा शब्द कोणाचा, या प्रश्नाचें तें एक उत्तर आहे.

जुन्या व्यवस्थेंत गायकाला मोठ्या कंपनीचें दार ठोठवावें लागे. स्टुडिओ, तबकडीची छपाई, दुकानांतली मांडणी, सर्व तिच्या हातीं. त्यामुळें कोणतें गाणें निघावें आणि कोणता शब्द गाळावा, हेंहि तीच ठरवी. सन १९७६ च्या डिसेंबरांत इंग्लंडमधील मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ नांवाच्या चौघा तरुणांनीं या दाराकडे पाठ फिरविली. त्यांनीं घरच्यांकडून आणि मित्रांकडून सुमारें ५०० पौंड उसने घेतले, चार गाणीं ध्वनिमुद्रित केलीं, आणि १९७७ च्या जानेवारींत स्वतःच काढलेल्या ‘न्यू हॉर्मोन्स’ या नांवाखालीं तबकडीच्या १००० प्रती बाजारांत आणल्या. त्या पाहतां पाहतां संपल्या आणि पुढें कित्येक हजार खपल्या. ‘स्पायरल स्क्रॅच’ हें त्या तबकडीचें नांव. ब्रिटनमधील स्वतंत्र ध्वनिमुद्रिकांच्या चळवळीचा आरंभ पुष्कळ जाणकार तिच्यापासून धरतात.

या चौघांपैकीं पीट शेली हा पुढें त्या वृंदाचा मुख्य गायक आणि गीतकार झाला. त्याचें मन स्त्री आणि पुरुष या दोघांकडेहि ओढ घेणारें होतें. आपल्या प्रेमगीतांत त्यानें एक पथ्य बुद्ध्या पाळलें : प्रिय व्यक्ति पुरुष कीं स्त्री हें शब्दांतून कळूं द्यावयाचें नाहीं. गाणें कोणालाहि आपलेंसें वाटावें, हा त्यांतला हेतु. इंग्रजी भाषेनें त्याला यांत पूर्ण साथ दिली, कारण त्या भाषेंतले ‘मी’ आणि ‘तूं’ लिंग सांगत नाहींत आणि क्रियापदहि सांगत नाहीं. पुढें १९८१ सालीं त्यानें ‘होमोसेपियन’ हें गाणें काढलें आणि त्यांत पडदा थोडासा दूर केला, तेव्हां ब्रिटिश नभोवाणीनें तें गाणें लावण्याचें बंद केलें. लिंग झांकलेल्या गाण्यांना सर्व दारें उघडीं. तें सूचित करणाऱ्या गाण्याला दार बंद. एकाच माणसाच्या या दोन अनुभवांत प्रस्तुत विषयाचें सार आहे.

टेंभी नाक्यावरच्या त्या तरुणाला मात्र शेलीची सोय नाहीं, कारण तो मराठींत लिहितो. मराठी क्रियापद मोठें चौकस आहे. पुरुष म्हणतो ‘मी आलों’, स्त्री म्हणते ‘मी आलें’. पुरुषाला म्हणावयाचें ‘तूं आलास’, स्त्रीला म्हणावयाचें ‘तूं आलीस’. वर्तमानकाळांतहि तीच गत : ‘मी गातों’ आणि ‘मी गातें’. म्हणजे साधें ‘मी वाट पाहत होतों आणि तूं आलास’ एवढें म्हटलें कीं दोन पुरुषांची ओळख पटली. इंग्रज कवीला जें सांगण्यासाठीं मुद्दाम वेगळा शब्द योजावा लागतो, तें मराठी माणूस बोलूं लागतांच सांगून बसतो. बंगाली गीतकार या बाबतींत भाग्यवान. त्याच्या भाषेंत क्रियापदालाहि लिंग नाहीं आणि सर्वनामालाहि नाहीं.

तरीहि मराठींत कांहीं आडवाटा आहेत. ‘मला आवडतें’, ‘मला आठवतें’ अशा वाक्यांत बोलणाऱ्याचें लिंग प्रकट होत नाहीं. ‘ये’, ‘थांब’, ‘ऐक’ या आज्ञा सर्वांना सारख्या. आणि सर्वांत मोठी वाट म्हणजे भविष्यकाळ. ‘मी येईन’, ‘तूं येशील’, ‘पाऊस पडेल’. मराठीचा भविष्यकाळ कोणाचेंहि लिंग विचारीत नाहीं. हिंदीला ही सवलतहि नाहीं. तिथें ‘जाऊंगा’ आणि ‘जाऊंगी’ हा भेद उरतोच. तेव्हां ज्याला झांकून लिहावयाचें आहे त्या मराठी गीतकारानें भविष्यकाळांत लिहावें, आज्ञार्थांत लिहावें, ‘मला’ने वाक्य सुरू करावें. असें गाणें रचतां येईल, पण त्याची किंमत ध्यानांत घ्यावी. त्या प्रेमाला भूतकाळ उरत नाहीं. तो भेटला, हंसला, रागावला, निघून गेला, यांतलें कांहींच सांगतां येत नाहीं. ज्या प्रेमाला केवळ ‘होईल’ म्हणतां येतें आणि ‘झालें’ म्हणतां येत नाहीं, तें प्रेम अर्धें मुकें आहे.

यावर कोणी असें म्हणेल कीं मराठी गाण्यांत पुरुषानें स्त्रीचा ‘मी’ उच्चारणें हें कांहीं नवें नाहीं. हें अगदीं खरें आहे. ज्ञानेश्वरांच्या नांवावरील विरहिणींत भक्त हा प्रियकराची वाट पाहणारी स्त्री होऊन बोलतो. तुकोबांनींहि गौळणी लिहिल्या. शाहिरांच्या लावण्यांत नायिकेचें मन पुरुषांनींच बोलकें केलें. पंढरपूरचा विठ्ठल पुरुषरूप असून वारकरी त्याला ‘माउली’ म्हणतात, आणि या व्याकरणदोषावर आजवर कोणाही शास्त्र्यानें बोट ठेवलेलें नाहीं. नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनीं १९११ सालच्या ‘मानापमाना’त भामिनी आणि १९१६ सालच्या ‘स्वयंवरा’त रुक्मिणी उभी केली, तेव्हां पुरुषाच्या कंठांतून निघालेलें ‘मी आलें’ साऱ्या महाराष्ट्रानें डोक्यावर घेतलें. मराठी कानाला पुरुषाच्या तोंडचा स्त्रीलिंगी ‘मी’ खटकत नाहीं. तो कान त्या बाबतींत शतकानुशतकें तयार झालेला आहे.

परंतु हें सर्व मुखवट्याचें औदार्य होय. रंगभूमीवर शालू नेसलेला नट पडद्यामागें जाऊन धोतर नेसे, आणि प्रेक्षकांना तें ठाऊक असे. भक्ताचा प्रियकर देव असे, शेजारच्या आळींतला मनुष्य नव्हे. उर्दू गझलेंत प्रेयसीला पुल्लिंगी संबोधण्याचा संकेत आहे. त्या संकेताच्या छायेंत खरें आणि संकेताचें असें दोन्ही प्रेम सुखानें नांदलें, कारण कोणीं विचारलें तर ‘ही तर रीतच आहे’ असें उत्तर तयार होतें. समलिंगी संगीतकाराचें मागणें याहून निराळें आहे. त्याला उसना ‘मी’ नको. पुरुष राहूनच ‘तो आला’ म्हणावयाचें आहे, आणि श्रोत्यानें तें रूपक न समजतां साधें वाक्य समजावें, एवढीच त्याची इच्छा आहे. परंपरेनें त्याला पुष्कळ पोशाख दिले; स्वतःच्या कपड्यांत उभें राहण्याची जागा मात्र दिली नाहीं.

ती जागा न मिळाली तर काय होतें, याचें एक ठळक उदाहरण महाराष्ट्राच्या मातींतून गेलेलें आहे. ५ सप्टेंबर १९४६ रोजीं झांझिबार बेटावर एका पारशी कुटुंबांत फरोख बलसारा याचा जन्म झाला. वडील तेथें सरकारी नोकरींत रोखपाल होते. आठ वर्षांच्या फरोखला १९५५ सालीं शिक्षणासाठीं सातारा जिल्ह्यांतील पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत पाठविण्यांत आलें. तेथें तो पियानो शिकला. तेथेंच ‘फ्रेडी’ हें नांव रूढ झालें. आणि १९५८ च्या सुमारास वर्गमित्रांना घेऊन त्यानें ‘द हेक्टिक्स’ नांवाचा लहानसा वाद्यवृंद काढला. १९६४ सालीं झांझिबारांत राज्यक्रांति झाली आणि कुटुंब इंग्लंडला गेलें. तेथें १९७० सालीं त्यानें मित्रांसह ‘क्वीन’ हा वृंद स्थापला आणि ‘फ्रेडी मर्क्युरी’ हें नांव घेतलें. १९७५ सालच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’नें तें नांव जगभर गेलें.

ज्यानें लाखोंच्या सभा आवाजाच्या एका लकेरीनें हालविल्या, त्यानें आपल्याविषयींच्या दोन गोष्टी जगाच्या चौकांत मांडल्या नाहींत : आपलें पारशी मूळ आणि पुरुषांवरील आपलें प्रेम. विचारणाऱ्यांना तो थट्टेनें टोलवी. त्याच्या गाण्यांत एकटेपणा पुष्कळ आहे, पण त्या एकटेपणाचा पत्ता नाहीं. त्याला एड्स झाल्याचें निवेदन २३ नोव्हेंबर १९९१ रोजीं प्रसिद्ध झालें आणि दुसऱ्याच दिवशीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, तो निवर्तला. अंत्यविधि जरथोस्ती धर्मगुरूंनीं केला. त्याच्या मौनाला भ्याडपणा म्हणणें अन्यायाचें होईल. ज्याच्या गाण्यावर एवढ्या मोठ्या कंपन्यांचा पैसा लागलेला होता आणि ज्याच्या घरीं जुन्या वळणाचे आईवडील होते, त्याला बोलण्याची किंमत काय पडली असती, हें त्याचें तोच जाणत होता. परंतु एवढें मात्र दिसतें कीं यश कितीहि मोठें झालें तरी तें आपोआप मोकळेपणा देत नाहीं. उलट पुष्कळदां पहारा वाढवितें.

याच्या उलट टोंकाचें उदाहरण इंडी संगीतांतच सांपडतें. अमेरिकेंतील स्टेफिन मेरिट हा ‘मॅग्नेटिक फील्ड्स’ या वृंदाचा गीतकार. तो समलिंगी आहे आणि तें त्यानें कधीं लपविलेलें नाहीं. सन १९९९ मध्यें ‘मर्ज’ या लहान स्वतंत्र संस्थेनें त्याच्या गीतांचा तीन तबकड्यांचा संच काढला. प्रत्येक तबकडींत २३, मिळून ६९ प्रेमगीतें. कोणती मोठी कंपनी असल्या खटाटोपाला कबूल झाली असती ? या संचांत पुरुष पुरुषासाठीं गातो, पुरुष स्त्रीसाठीं गातो, स्त्री स्त्रीसाठीं गाते. गाणारे आवाजहि निरनिराळे. हा संच प्रेमाविषयीं नसून प्रेमगीतांविषयीं आहे, असें मेरिटचें म्हणणें. याचा अर्थ नीट पाहण्याजोगा आहे. आपण समलिंगी आहोंत म्हणून आपलें प्रत्येक गीत म्हणजे आपली साक्ष समजूं नये. गीतकाराला जो ‘मी’ हवा तो योजण्याचा अधिकार आहे. शेलीनें लिंग पुसून टाकलें, मर्क्युरीनें प्रश्न टोलविला, मेरिटनें सर्व लिंगें एकाच टेबलावर मांडलीं. आपला ‘मी’ आपण निवडावा, ही सवलत मेरिटला त्याच्या स्वतंत्र धंद्यानें दिली.

हिंदुस्थानांत या स्वातंत्र्याच्या आड केवळ कंपनीच नव्हे, तर कायदाहि उभा होता. इंग्रजी अमदानींत १८६० सालीं रचलेल्या दंड संहितेचें ३७७ वें कलम अशा प्रेमाला गुन्हा ठरवी. दिल्ली उच्च न्यायालयानें २ जुलै २००९ रोजीं त्याची धार बोथट केली. सर्वोच्च न्यायालयानें ११ डिसेंबर २०१३ रोजीं तो निर्णय फिरविला. आणि शेवटीं ६ सप्टेंबर २०१८ रोजीं त्याच न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींनीं सज्ञान व्यक्तींचें संमतीचें प्रेम गुन्ह्याच्या यादींतून काढून टाकलें. ज्यांच्या नांवानें तो खटला ओळखला जातो ते नवतेजसिंग जोहर हे स्वतः भरतनाट्यमाचे नर्तक आहेत, ही गोष्ट कलावंतांनीं विसरूं नये. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानें मिळाला नाहीं. रोगाचा जुना समज तर १९९० सालींच शास्त्रानें सोडला. जागतिक आरोग्य संघटनेनें त्या वर्षीं समलिंगी ओढ रोगांच्या यादींतून वगळली.

कायद्याच्या या चढउतारांत मुंबई गप्प बसलेली नव्हती. अशोक राव कवी यांनीं १९९० सालीं ‘बॉम्बे दोस्त’ हें नियतकालिक काढलें आणि १९९४ सालीं ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला. पुढें ‘रेनबो व्हॉइसेस मुंबई’ हा समलिंगी आणि तत्सम मंडळींचा गायकवृंदहि निघाला. सन २०१६ मध्यें सहा तृतीयपंथी गायकांचा ‘सिक्स पॅक बँड’ गाजला. तो एका चित्रसंस्थेनें उभा केला होता आणि त्याला चहाच्या एका नामांकित छापाचा आश्रय होता. त्याच वर्षीं कान येथील जाहिरात-महोत्सवांत त्या उपक्रमाला मोठें पारितोषिकहि मिळालें. ज्यांना लोक सिग्नलपाशीं काच वर करून टाळतात त्यांचा आवाज घरोघरीं गेला, हें चांगलेंच झालें. पण त्या गाण्यांचा अखेरचा शब्द गाणाऱ्यांचा होता कीं आश्रयदात्याचा, हा प्रश्न विचारणें गैर नाहीं. ओळख हीच जेथें मालाची वेष्टनपट्टी होते, तेथें गाणारा पुन्हा एकदां दुसऱ्याच्याच ‘मी’मध्यें उभा असतो.

आजच्या समलिंगी संगीतकाराची अडचण नेमकी या दोहोंच्या मधली आहे. एकीकडे झांकण्याची जुनी सक्ति, दुसरीकडे मिरविण्याची नवी सक्ति. जून महिना आला कीं मोठमोठ्या कंपन्या इंद्रधनुष्याचे रंग लावतात आणि अशा गायकांच्या याद्या करतात. जुलै लागला कीं रंग उतरतात. वर्षाचे उरलेले अकरा महिने त्याला केवळ संगीतकार म्हणून ऐकावें, त्याच्या सुरांची, स्वरयोजनेची, शब्दांची चांगली-वाईट परीक्षा व्हावी, हें त्याला हवें असतें. त्याची ओळख गाण्यांत आहे, पण गाणें म्हणजे केवळ त्याची ओळख नव्हे. पाण्याला घागरीचा आकार असतो म्हणून घागर पिऊन तहान भागत नाहीं.

खोलींत बसून गाणें करण्याच्या आजच्या सोयीचें महत्त्व येथें आहे. मँचेस्टरच्या तरुणांना पांचशें पौंड उसने घ्यावे लागले. ठाण्यांतला तरुण घरच्याच लॅपटॉपवर तेवढें काम करतो आणि दुपारीं संपविलेलें गाणें थोड्याच दिवसांत परदेशांतल्या श्रोत्यापर्यंतहि पोंचवूं शकतो. मधला कारभारी गेला असें मात्र समजूं नये. आतां श्रोत्यांची संख्या मोजणारें यंत्र तेथें बसलें आहे, आणि लहान गायकाच्या पदरीं त्यांतून फारच थोडे पैसे पडतात. पण एक गोष्ट निश्चित बदलली. ‘आलों’ लिहावें कीं ‘येईन’, ‘तो’ लिहावें कीं ‘तूं’, हें आतां कोणी व्यवस्थापक सांगत नाहीं. तो निर्णय लिहिणाऱ्याचा आहे.

आणि तरीहि त्याचा हात थांबतो. कंपनी नाहीं, कलम नाहीं, मग कोणासाठीं थांबतो ? दाराबाहेरच्या माणसांसाठीं. परदेशच्या हजार श्रोत्यांपेक्षां स्वयंपाकघरांत भाजी निवडीत बसलेली आई हा अधिक कठीण श्रोता असतो. बंद दारांतून एखादी ओळ तिच्या कानांवर जाते; ‘तो’ हें सर्वनाम तिला ऐकूं येतें; आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळीं ताटावर एक न विचारलेला प्रश्न बसून राहतो. न्यायालयाचा निकाल फार तर इतकेंच म्हणतो कीं हा मनुष्य गुन्हेगार नाहीं. त्याचें गाणें ऐकण्याचें काम न्यायालय करूं शकत नाहीं. तें घरच्या माणसांनींच करावयाचें असतें.

त्यासाठीं फार मोठी तयारी लागते असेंहि नाहीं. ज्या घरांत विठ्ठलाला माउली म्हणतात आणि बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका आवडीनें लावतात, त्या घराच्या कानाला हें सर्वथा परकें नाहीं. फक्त मुखवटा नाहीं, एवढाच फरक. मुलानें दार उघडून आपलें गाणें ऐकविलें, आणि त्यांत भूतकाळांत, पुल्लिंगांत, सरळपणें लिहिलेली ओळ आली, तर प्रथम गाणें पुरतें संपूं द्यावें. मग सूर कोठें हलला, अंतरा लांबला काय, तेंहि खुशाल सांगावें. चांगला श्रोता एवढें सांगतोच. बाकीचें बोलणें त्याच रात्रीं झालें पाहिजे असें नाहीं. मात्र ‘हें कोणाविषयीं ?’ असा सवाल टाकण्यापूर्वीं ‘पुन्हां एकदां म्हण’ असें म्हणावें. मुलाला काय हवें होतें, तें बहुधा तेवढ्यानेंच कळेल.